एक डोकं, किती हेल्मेटं?

कफ परेडच्या मच्छीमार नगरात दुचाकीवाचून दिवस उजाडत नाही. पहाटे ससून डॉकचा लिलाव गाठायचा, कधी भाऊच्या धक्क्यापर्यंत जायचं, गिऱ्हाइकाकडे मासळी पोचवायची, यातलं निम्मं काम स्कूटरवर होतं. त्याच गल्लीत आता वेगळ्या घाटाच्या गाड्याही उभ्या दिसतात. उंच, लांब सस्पेन्शनच्या, मडगार्डला लाल माती वाळलेल्या. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० आली, आणि पगारदार मुलामुलींच्या आवाक्यात कच्च्या रस्त्यावर चालणारी मोटरसायकल आली. आठवडाभर नरिमन पॉइंट नि फोर्ट, रविवारी सह्याद्री. गाडी दोन्हीकडे तीच. मग डोक्यावरचं हेल्मेटही तेच चालेल का?

या प्रश्नावर मामा-भाचीचं पटत नव्हतं. मामा बोटीवर तांडेल होता, आता समुद्रावर क्वचित जातो, मासळीचा व्यवहार बघतो आणि स्कूटर चालवतो. भाची फोर्टातल्या एका कार्यालयात नोकरीला, एक्सपल्सवर जाते-येते. तिला नवं हेल्मेट घ्यायचं होतं. दोघांचं म्हणणं खाली देतो आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे मधे बोललो आहे.

भाची : मामा, मी ड्युअल स्पोर्ट घेणार. वर पीक, म्हणजे कपाळापुढे आलेली उन्हाची पट्टी, समोर काच, हनुवटीला भक्कम आडपट्टी. ऑफिसलाही तेच, राजमाचीलाही तेच.

मामा : म्हणजे एकाच जाळ्यात पापलेट पण आणि बोंबील पण! बाय, बोंबलाला डोल लागते, पापलेटचं जाळं वेगळं. दोघांचं काम एकाकडून करायला गेलीस की दोन्हीकडून हात हलवत येशील. शहरासाठी साधं, हलकं घे. डोंगरात जाशील तेव्हा ते मातीतल्या शर्यतीवाले घालतात तसलं घाल.

भाची : ते मोटोक्रॉसचं हेल्मेट. त्याला काच नसते, वेगळा गॉगल लावावा लागतो. शर्यतीवाला बहुतेक वेळ पाय ठेवायच्या पेगवर उभा असतो, धापा टाकत असतो. म्हणून हनुवटी पुढे काढलेली असते, श्वासाला जागा मिळावी म्हणून. पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेली माती तोंडावर येऊ नये आणि ऊन डोळ्यांत जाऊ नये म्हणून वरती लांब पीक. बंदिस्त ट्रॅकवर थोडा वेळ जिवाच्या आकांताने गाडी पळवायची, त्यासाठी ते उत्तमच.

मामा : मग घे की ते.

भाची : पण मी ट्रॅकवर जात नाही, मामा. मी राजमाचीला जाते. कच्चा रस्ता लोणावळ्यापासून पुढे पंधरा-सोळा किलोमीटर. तिथवर पोचायला नव्वदहून जास्त किलोमीटर डांबर आहे. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, म्हणून जुन्या हायवेने पनवेल, खोपोली करत बोरघाट चढायचा. त्या सगळ्या रस्त्यावर गॉगल लावून ट्रकांच्या मधून जाऊ? पावसाची सर आली तर गालांवर थेंब टाचणीसारखे टोचतात. बोट असती तर दोन्ही जाळी घेऊन निघाले असते. मोटरसायकलवर दुसरं हेल्मेट बांधायचं कुठे?

मामा या उत्तरावर थोडा थांबला. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. हेल्मेट निवडताना लोक विचारतात, 'कुठे जायचंय?' त्याच्याआधी विचारायला हवं, 'तिथवर कसं जायचंय?' ज्याची गाडी टेम्पोतून ट्रॅकवर जाते त्याने मोटोक्रॉसचं हेल्मेट घ्यावं आणि डांबरासाठी वेगळं ठेवावं. मुंबईतून निघणारे बहुतेक जण मातीपर्यंत डांबरावरूनच जातात. मुंबईचा दुचाकीवाला तर आणखी बांधलेला. सी लिंकवर त्याला मज्जाव, कोस्टल रोडवर मज्जाव, अटल सेतूवर मज्जाव. त्याच्या वाट्याला सिग्नलचे, खोदलेले, ट्रेलरच्या गर्दीचे रस्ते. पलीकडे अलिबागकडे उतरायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, २०२० पासून तीत मोटरसायकलही चढते. पण धक्क्यापर्यंत पी. डिमेलो रोडने बंदराच्या कंटेनरगाड्यांच्या शेजारून जावंच लागतं.

मामा : बरं, मानलं. पण ही चोच? पी. डिमेलो रोडवर ट्रेलर बाजूने गेला की वाऱ्याचा झोत येतो. त्या चोचीत वारा भरला की मान मागे खेचेल. शिडात वारा भरला की काय होतं ते मला सांगू नको.

भाची : खरं आहे ते. ताशी ऐंशीच्या पुढे पीक वर उचललं जातं, मान दुखते. मागे वळून बघताना आडवा वारा लागला तर डोकंच फिरतं. म्हणून पीक निघणारं घ्यायचं. दोन बाजूंना आणि वर एक असे स्क्रू असतात. सोमवारी सकाळी काढून ठेवायचं, त्या जागी कंपनी देते ती झाकणं लावायची. पीक काढलं की ते मोठ्या खिडकीचं साधं फुल फेसच असतं. घाटाच्या पायथ्याशी परत लावलं की झालं.

मामा : आणि वजन?

भाची : ते मात्र थोडं जास्त. चांगलं ड्युअल स्पोर्ट दीड किलोच्या आसपास भरतं, काही त्याहून वरही. तुझी ती टोपी अर्ध्या किलोची पण नसेल.

मामा : तेच सांगतोय. रोज ते वजन मानेवर घेऊन जाशील. त्यापेक्षा ते हनुवटीपासून वर उघडणारं येतं ना, ते बघ. सिग्नलला उघडलं, वारा घेतला, परत लावलं.

भाची : मॉड्युलर. शहरापुरतं मलाही आवडतं. चष्मेवाल्यांना तर फारच सोयीचं. पण बिजागरीत माती गेली की खटका नीट बसत नाही, आणि दगडावर तोंडघशी पडले तर सगळा भार त्या खटक्यावर. मातीसाठी मला हनुवटी एकसंध हवी.

मॉड्युलरबद्दल एक तपशील. युरोपीय ईसीई मानकाचं हेल्मेट असेल तर हनुवटीच्या पट्ट्यावर कापडी चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर वर्तुळात 'ई' आणि देशाचा आकडा, खाली मान्यतेचा क्रमांक, आणि क्रमांकाला लागून तिरप्या रेघेनंतर एक अक्षर. 'पी' असेल तर हनुवटीची पट्टी आघात झेलते हे तपासलेलं आहे. 'जे' असेल तर ते उघड्या तोंडाचं. 'एनपी' असेल तर समोर पट्टी दिसते खरी, पण तिने संरक्षण मिळेल अशी कुणी हमी दिलेली नाही. दुकानात हे अक्षर कुणी दाखवत नाही, आपणच पट्टा उलटून बघायचं. या मानकाच्या २२.०६ या नव्या आवृत्तीत तिरप्या आघाताची, म्हणजे डोकं गरकन फिरवणाऱ्या माराचीही चाचणी आली आहे. अमेरिकेच्या 'डॉट' शिक्क्याचं तसं नाही. तो कंपनी स्वतःच स्वतःला लावते, सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं.

मामा : हे परदेशी शिक्के आपल्या काय कामाचे? आपला आयएसआय आहे ना?

भाची : तो तर हवाच. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायलाही बंदी आहे. वर आयएस ४१५१ लिहिलेलं असतं, खाली सीएम/एल करून परवाना क्रमांक. बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक टाकला की कुठल्या कारखान्याचा ते कळतं. फूटपाथवर दोन-तीनशेला मिळतं त्याच्यावरचा स्टिकर नखाने निघून येतो.

मामा : म्हणजे महागडंच घ्यायचं.

भाची : नाही रे मामा. आयएसआयचं चांगलं फुल फेस हजार-दीड हजारापासून मिळतं. फरीदाबादचं स्टड्स आहे, आपल्या बेळगावचं वेगा आहे. वेगाचं ऑफ रोड नावाचं मॉडेल तर कितीतरी पोरं घालतात, त्याला पीक पण आहे आणि काच पण.

बेळगाव 'आपलं' म्हणताना तिचा आवाज चढला, ते मला आवडलं. देशातल्या मोठ्या हेल्मेट कंपन्यांपैकी एक मराठी सीमाभागातल्या त्या शहरात आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. किमतीबद्दल मी भाचीच्या बाजूचा आहे. महागड्या हेल्मेटमध्ये कवच फायबरचं किंवा कार्बनचं येतं, वजन कमी होतं, वारा खेळतो, आवाज कमी येतो. हे सगळं मोलाचं आहे. पण डोक्याला न बसणारं वीस हजारांचं हेल्मेट डोक्याला नीट बसणाऱ्या दोन हजारांच्या हेल्मेटपेक्षा वाईट. मापाच्या बाबतीत मात्र मामाने भाचीला मात दिली, आणि ती जागा जरा सावकाश सांगण्यासारखी आहे.

ऑपेरा हाऊसकडे मोटारींच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. दोघं तिथे गेले. भाचीने मोबाइलवर रंग ठरवून ठेवला होता. दुकानदाराने 'एल' काढून दिलं, तिने घातलं, आरशात बघितलं, 'मस्त बसलं' म्हणाली. मामाने मागून हेल्मेटच्या कडेला बोटं घातली आणि वर, पुढे ढकललं. पट्टा लावलेला असूनही हेल्मेट कपाळावरून भुवयांपर्यंत घसरलं.

मामा : हे बसलं? लाटेत पहिल्या झटक्याला जाईल.

मग टेप आली. भुवयांच्या वर बोटभर आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग, असा फेरा घेतला. जो आकडा आला तो त्या कंपनीच्या तक्त्यात 'एम'मध्ये बसत होता. दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यात तोच आकडा दुसऱ्या अक्षराखाली. म्हणून अक्षर लक्षात ठेवू नये, सेंटिमीटर लक्षात ठेवावेत. 'एम' घातल्यावर गाल दाबले गेले, बोलताना आतून गाल चावला जात होता. भाची कुरकुरली. दुकानदार म्हणाला, गालाच्या गाद्या थोड्या दिवसांत बसतात. ते बरोबर आहे. गालाशी घट्ट चालतं, कपाळावर एका जागी रुतलेलं चालत नाही. पंधरा-वीस मिनिटं दुकानातच घालून बसावं. कपाळावर लाल ठिपका उमटला तर आतला घाट आपल्या डोक्याचा नाही. काही डोकी गोल असतात, काही पुढून मागे लांबट. आकडा तोच असला तरी घाट जुळत नाही, आणि तेव्हा कंपनी बदलण्याला पर्याय नसतो.

मामा : आणि तो अंबाडा सोड आधी.

हेही त्यानेच पकडलं. कोळीवाड्यातल्या बायका अंबाडा घालतात, भाचीही ऑफिसला केस वर बांधून जाते. हेल्मेट अंबाड्यावर टेकलं की मागून वर उचललं जातं, कपाळ उघडं पडतं आणि माप फसतं. केस मानेजवळ खाली एका वेणीत घेतले तेव्हा तेच 'एम' दोन बोटं खाली उतरलं. माप घ्यायला जाताना रोज केस जसे बांधून गाडी चालवणार तसेच बांधून जावं, असं मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक मुलीला सांगत असतो.

पट्ट्यावरून पुन्हा जुंपली. दुकानदाराने खटक्याची क्लिप दाखवली, भाचीला दोन कड्यांचा डी-रिंग हवा होता.

मामा : बघू. दोन्ही कड्यांतून घालायचा, परत वळवून एकीतूनच काढायचा, ओढायचा. अरे, हा तर फासच! जितका ताण येईल तितका घट्ट. याच्यात मोडायला काही नाय. हाच घे.

शर्यतीतही हाच पट्टा मागतात. पण रोज ये-जा करणाऱ्यांनी दातेरी क्लिप घेतली तरी माझी हरकत नाही. ती एका हाताने लागते, आणि जी लावायला सोपी ती लावली जाते. पट्टा लोंबकळत ठेवून डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट पडणाऱ्याच्या आधीच रस्त्यावर पोचतं.

परतताना भाचीने विषय मामावर फिरवला. त्याच्या स्कूटरच्या हुकला एक अर्धी टोपी कायम टांगलेली असते. कानांच्या वर संपणारी, हनुवटीला इलॅस्टिक.

भाची : आता तुझं काय?

मामा : मला कुठे राजमाचीला जायचंय? घर ते ससून डॉक, दीड-दोन किलोमीटर. पहाटे रस्ता मोकळा, वेग तीसचा. ते बंद डबडं घातलं तर घाम, आणि मागून हॉर्न ऐकू यायचा नाय.

भाची : हॉर्नचं आधी सांगते. १९९०च्या दशकात अमेरिकेत मॅकनाइट नावाच्या संशोधकांनी चालकांना हेल्मेट घालून आणि न घालता रस्त्यावर पाठवून तपासलं होतं. हॉर्न ऐकण्यात फरक पडला नाही. वाऱ्याचा आवाज उघड्या कानालाही असतोच. बाजूचं बघायला चालक मान जराशी जास्त वळवतात, इतकंच.

मामा : आणि वेग? तीसच्या वेगाने कुणाचं डोकं फुटतं?

भाची : गाडी थांबलेली असली तरी फुटतं. स्कूटरवर बसलास की तुझं डोकं जमिनीपासून दीड मीटर वर. तिथून नुसतं खाली आलं तरी जमिनीला लागताना वेग होतो ताशी वीस किलोमीटरच्या जवळ. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. आणि डॉकबाहेरचा रस्ता तुला माहीत आहे. मासळीच्या गाड्यांतून सांडलेलं बर्फाचं पाणी, त्यात खवले. सुक्या रस्त्यावर न घसरणारं चाक तिथे घसरतं.

मामाकडे याला उत्तर नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. हेल्मेटच्या आत ईपीएसचा थर असतो, थर्मोकोलच्या जातीचा. आपटल्यावर तो चिरडतो, थांबायला लागणारा क्षण लांबवतो, आणि मेंदूपर्यंत जाणारा झटका कमी करतो. तो एकदाच चिरडतो. बाहेरून ओरखडाही नसला तरी जबर आपटलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नसतं. म्हणूनच चोरबाजारात कितीही सुंदर दिसलं तरी वापरलेलं हेल्मेट घेऊ नये. ते आधी काय झेलून आलंय ते विकणारा सांगणार नाही.

कमी अंतराचा हा युक्तिवाद जुना आहे. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून जगाला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये घराजवळच्या रस्त्यावर दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना मोटरसायकलवरून पडला आणि काही दिवसांनी गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण त्यांच्या मनातून गेलं नाही. १९४१ साली त्यांनी मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याच्या दुखापतींवर निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने निरोप नेणाऱ्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. नंतरच्या काळात जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली निघाला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यात दिसलं. आपल्या पुण्यात मात्र सक्तीविरुद्ध कृती समित्या निघाल्या, मोर्चे निघाले. या एका बाबतीत पुणेकरांचा हट्ट मला कधीच पटला नाही.

भाची : आणि मामी? ती मागे बसते, मांडीवर टोपली. तिच्या डोक्यावर तर टोपी पण नसते.

मामा : मागे बसणाऱ्याला कोण विचारतं?

भाची : मुंबईत जून २०२२ पासून विचारतात. दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. दंडाचं सोड. त्याच वर्षी देशात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसं दुचाकीवर गेली. त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती.

हे आकडे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातले आहेत. मागे बसणाऱ्याला पकडायला हँडल नसतं, समोरचा खड्डा दिसत नाही, मामीचे तर दोन्ही हात टोपलीवर. घरातलं चांगलं हेल्मेट एकच असेल तर ते कुणाच्या डोक्यावर असावं याचा विचार आपण करतच नाही.

मामा : बरं बाबा, घेतो. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे ती ऐक. तू म्हणतेस हेल्मेट घातलं की झालं. तो आपला पोरगा, डकारला गेलेला, त्याने काय साधं हेल्मेट घातलं होतं?

भाची : सी. एस. संतोष. बंगळूरूचा. डकार रॅलीत उतरलेला पहिला भारतीय, २०१५ साली. २०२१ला सौदी अरेबियात पडला, डोक्याला मार लागला, कोमात ठेवावं लागलं. जगातलं उत्तम हेल्मेट असणार त्याच्या डोक्यावर. पण तो घरी परतला, मामा.

मामाचा प्रश्न चुकीचा नव्हता. हेल्मेट घातलं की काही होत नाही, असं समजून कच्च्या रस्त्यावर अंगात आल्यासारखी गाडी पळवणारी पोरं मीही पाहिली आहेत. राजमाचीच्या वाटेवर पावसात ओढे आडवे येतात, मोबाइलला रेंज नसते, दवाखाना लोणावळ्यात. तिथे एकट्याने जाऊ नये. आणि बरोबरच्याला हे माहीत असावं की पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढायचं नसतं. श्वास अडला असेल तरच काढायचं, तेही एकाने मान धरून आणि दुसऱ्याने हळूहळू. काही हेल्मेटमध्ये गालाच्या गाद्यांना लाल पट्ट्या असतात. त्या ओढल्या की गाद्या खालून निघतात आणि हेल्मेट मान न हलवता सुटतं. भाचीने अशा पट्ट्या असलेलं हेल्मेट निवडलं, याचं श्रेय मामाच्या त्या प्रश्नाला.

शेवटचा तंटा काचेवरून. तिला धुरकट काच हवी होती.

मामा : पहाटे आणि रात्री आंधळी होशील. पारदर्शक घे.

तीच घेतली. उन्हासाठी गॉगल वेगळा. आतून वाफ धरू नये म्हणून पिनलॉकची दुसरी पातळ काच बसेल अशी सोय बघितली, कारण जुलैत मरिन ड्राइव्हच्या सिग्नलला काच मिटून उभं राहिलं की दोन श्वासांत समोरचं दिसेनासं होतं. रविवारच्या धुळीने काचेवर चरे पडणार, म्हणून एक जादा काच आत्ताच घेऊन ठेवली. ऑफिसला चऱ्यांची काच लावायची नाही. समोरून येणाऱ्या दिव्याचा उजेड तिच्यावर फुटतो.

देखभालीच्या गोष्टी मामाने सांगितल्या, कारण खाऱ्या हवेशी त्याचा उभा जन्म गेलेला. मच्छीमार नगरात लोखंड महिन्याभरात रंग बदलतं. पट्ट्याची कडी, काचेचे स्क्रू गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचे, कोरडे करायचे. आतलं अस्तर काढून साध्या साबणाने धुवायचं, सावलीत वाळवायचं. पावसाळ्यात ते दोन दिवस वाळत नाही, तेव्हा अस्तराचा दुसरा संच असलेला बरा. पेट्रोलने किंवा थिनरने कवच पुसायचं नाही, प्लास्टिक आतून खातं. आरशावर हेल्मेट टांगलं की आतल्या थराला खळगा पडतो. भाची हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होती. पाच वर्षांनी हेल्मेट बदलायचं ही तिने घातलेली भर.

माझा निकाल असा. जो रोज शहरात चालवतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी डांबरावरूनच मातीपर्यंत जातो, त्याला पीक निघणारं, हनुवटी एकसंध असलेलं ड्युअल स्पोर्ट पुरेसं आहे. तिथे भाची बरोबर. जो दर आठवड्याला ट्रॅकवर उतरतो त्याने दोन घ्यावीत. तिथे मामा बरोबर. ज्याची गाडी गल्लीबाहेर फारशी जातच नाही, त्याने हलकं फुल फेस घ्यावं. अर्धी टोपी कुणीच घेऊ नये. आघातांचा मोठा वाटा हनुवटी आणि जबड्यावर येतो, आणि अर्ध्या टोपीत तो सगळा भाग उघडा राहतो.

खरेदीला जाताना मागे बसणाऱ्यालाही बरोबर न्या. दोघांच्याही डोक्याचा फेरा मोजा, दोघांसाठी घ्या, आणि दुकानातून निघतानाच पट्टा लावून निघा.